गाडी साताऱ्यात, छप्पर सांगलीत

सहा दशकांची ब्रिटिश ओपन कार, 'मेलेली उठवलेली' आणि विकाऊ. बघायला म्हणून गेलो आणि वीकेण्डभर एका पत्र्याच्या मागे फिरलो...

शुक्रवारची दुपार. ऑफिसात एसी फुल, डोळ्यांवर झोप, समोर एक्सेल शीट. तेवढ्यात मोबाइलवर फोटो पडला. मोरपंखी रंगाची, दोन दारांची, गोल दिव्यांची बुटकी गाडी. आणि डोक्यावर छप्परच नाही! खाली साताऱ्याच्या मित्राचा मेसेज : '१९६४ची. ब्रिटिश. कन्व्हर्टिबल. इथल्या गॅरेजवाल्यानं मेलेली उठवलीय. विकायचीय. येतोस?'

बॉस, अशा मेसेजला 'बघतो रे' म्हणणारा माणूस एक तर नुकताच बोहल्यावर चढलेला असतो, नाहीतर त्याचं होम लोन परवाच पास झालेलं असतं. मी तूर्तास दोन्हीतून सुटलेला. शनिवारी पहाटे सहाला खंबाटकी घाटात होतो.

तसं बघायला गेलं तर पुन्हा जिवंत झालेली ब्रिटिश ओपन स्पोर्ट्स कार शोरूममध्येही मिळते. एमजी हे तिकडचं जुनं, लाडकं नाव. आता ते चीनच्या साइक कंपनीकडे आहे आणि इकडे जिंदालांचा जेएसडब्ल्यू ग्रुप त्यात भागीदार. त्यांची सायबरस्टर ही विजेवरची दोन सिटांची गाडी २०२५च्या जुलैत भारतात आली. दारं कात्रीसारखी वर उघडतात, छत बटणावर मागे जातं. तेव्हाची किंमत ७४.९९ लाख. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यानं पोस्टर लावावं आणि गप बसावं. साताऱ्याच्या गाडीची किंमत सांगितली होती साडेचार लाख. एका नव्या हॅचबॅकपेक्षा कमी!

फक्त एक शहाणपणा केला. सांगलीच्या मामांना फोन लावला. मामा साखर कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेत. यंत्राला हात लावून ताप आहे का सांगणारा माणूस. "जुनी गाडी एकट्यानं बघायला जाऊ नको. एकटा माणूस प्रेमात पडतो," म्हणाले आणि पहाटेची एसटी धरून पोवई नाक्यावर हजर.

बॉनेट उघडलं आणि...

गॅरेज गावाबाहेर, कोरेगावच्या रस्त्याला. मालकाला सगळे वस्ताद म्हणतात. गाडीवर जुनी चादर टाकलेली. ती त्यांनी एका झटक्यात ओढली आणि मी खरंच प्रेमात पडलो. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

गाडी होती स्टँडर्ड हेराल्ड. तिशीतल्या वाचकांनो, आई-बाबांना विचारा. ॲम्बॅसेडर, फिएट आणि हेराल्ड, एवढ्या तीनच गाड्यांत आपला देश फिरत होता तो काळ. मूळची ही इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीची ट्रायम्फ हेराल्ड. १९५९ साली आली, रूप दिलं जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरनं. १९६१पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी ती आपल्याकडे बनवू लागली. ॲम्बॅसेडरचा आणि फिएटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, हिचा मात्र खाली जमिनीवर. एवढ्यावरच त्या काळची पोरं हिला फाकडू समजायची म्हणे.

"स्पोर्ट कार हाय बगा सायेब," वस्ताद म्हणाले.

"९४८ सीसी," मामा म्हणाले. "म्हणजे पळण्यात आमची जुनी मारुती हिच्या बरोबरीला येईल."

दोघंही बरोबर होते. हेराल्ड स्वतः स्पोर्ट्स कार नव्हे. पण तिचीच चासी आखूड करून त्यावर ट्रायम्फनं १९६२मध्ये स्पिटफायर ही खरीखुरी दोन सिटांची स्पोर्ट्स कार काढली. १९८०पर्यंत तीन लाखांवर स्पिटफायर बनल्या. एवढंच नव्हे, हेराल्डच्या पुढच्या चाकांचे सांधे लोटससारख्या कंपनीनंसुद्धा आपल्या गाड्यांना वापरले. थोडक्यात, ही स्पोर्ट्स कारची आई. आईला घाटात पळवायचं नसतं, पण घराणं तिच्यापासूनच सुरू होतं!

मग वस्तादांनी बॉनेटच्या दोन बाजूंच्या कड्या सोडल्या. बॉनेट, मडगार्ड, दिवे असं सगळं नाक एकसंध पुढे कलंडलं. इंजिन, चाकं, स्टिअरिंगची दांडी, सगळं उघडं. पुढच्या टायरवर बसून प्लग साफ करता येतो. मामा खरोखरच टायरवर बसले, आणि दहा मिनिटं कुणाशी बोलले नाहीत.

कॉव्हेंट्रीची अडचण, साताऱ्याची सोय

ही गाडी पुन्हा उठली कशी, याचं उत्तर सत्तर वर्षं जुन्या एका धंद्याच्या भानगडीत आहे. १९५३ साली फिशर अँड लडलो ही पत्र्याची बॉडी बनवणारी कंपनी बीएमसी या ट्रायम्फच्या प्रतिस्पर्ध्यानं विकत घेतली. आता अखंड बॉडी दाबून देणार कोण? बाकीच्या गाड्या एकसंध खोक्यासारख्या बनू लागल्या होत्या. ट्रायम्फवाल्यांनी मात्र जुन्या पद्धतीची वेगळी चासी घेतली आणि वरची बॉडी तुकड्यातुकड्यांत, वेगवेगळ्या कारखान्यांतून करून घेतली. हे तुकडे एकमेकांना नटबोल्टनं आवळलेले. नाक वेगळं, मधला भाग वेगळा, मागचा वेगळा. आणि छप्परसुद्धा वेगळं, बोल्टांनी बसवलेलं! असे सुटे भाग पेट्यांत भरून परदेशात पाठवायचे आणि तिथे जोडायचे, हेही त्यामुळे सोपं झालं.

म्हणून साताऱ्याच्या माणसाला ही गाडी नुसत्या पान्यांनी खोलता आली. "निस्तं खोलत गेलो," वस्ताद म्हणाले. "चासीचे बाजूचे हात सडल्याले. त्ये नवं घडवलं. पत्र्याला जास्त लांबी भरली न्हाई, वाटल्यास चुंबक लावून बगा." मामांनी खिशातून चुंबक काढलं. (हो, आणलं होतं!) दाराच्या खालच्या कडेला दोन ठिकाणी ते घसरलं, बाकी सगळीकडे चिकटलं. पाने मात्र इंची लागतात, ते वस्तादांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून किलोवर आणलेले. इंजिनाचे आणि ब्रेकचे रबर, वॉशर वगैरे थेट इंग्लंडहून मागवलेले. तिकडे हेराल्ड-स्पिटफायरवाल्यांची अजून एवढी गर्दी आहे की सुटे भाग नवे बनत राहतात. म्हणजे आपल्या आठ वर्षांच्या फोनची बॅटरी मिळत नाही, आणि साठ वर्षांच्या गाडीचं ब्रेकचं रबर मात्र कुरिअरनं घरपोच.

ट्रायल घेतली यवतेश्वरच्या घाटात. सांगू काय, सॉलिड! वेग चाळीसचा, पण वाटतो नव्वदचा. खाली सातारा, डोक्यावर जानेवारीचं ऊन, कानात वारं. कासला निघालेल्या एका एसयूव्हीतल्या पोरांनी खिडकीतून फोटो काढले. ही गाडी सुमारे पंचवीस फुटांच्या वर्तुळात गर्रकन वळते, लंडनच्या टॅक्सीसारखी. घाटातल्या हॉटेलसमोर मी उगीचच दोनदा वळवून दाखवली.

"वळणावर एकदम पाय काढू नको," मामा मागून ओरडले. कारण आहे. हेराल्डच्या मागच्या चाकांचे दांडे मधोमध लटकलेले असतात. जोरात वळताना झटकन ॲक्सिलरेटर सोडला, तर मागचं चाक आत दुमडल्यासारखं होतं आणि गाडी शेपूट फिरवते. आपल्याकडच्या ड्रायव्हरांना आणि मेकॅनिकांनाही हा प्रकार फारसा रुचला नाही. म्हणून तर १९७२मध्ये कंपनीनं हिचीच पुढची बहीण गॅझेल काढली, तेव्हा मागे सरळ साधा एकसंध ॲक्सल घातला.

आरसी बुकात काय लिहिलंय?

परत आलो. चहा झाला, कंदी पेढे झाले. मी मनातल्या मनात गाडीचं नावसुद्धा ठेवलं होतं. तेवढ्यात मामांनी विचारलं, "कागद बघू."

आरसी बुक सांगलीतल्या एका डॉक्टरांच्या नावावरून फिरत आलेलं. मुदत येत्या ऑगस्टपर्यंत. आणि बॉडीच्या रकान्यात लिहिलेलं : सलून. म्हणजे छपराची गाडी.

"मग ही उघडी कशी?"

वस्ताद जरा थांबले. मग कथा बाहेर आली. डॉक्टरांच्या पुतण्याच्या लग्नात, नव्वदच्या दशकात कधीतरी, वरातीसाठी म्हणून छपराचे बोल्ट सोडले. वरात झाली. छप्पर पुन्हा बसवायचं राहिलं ते राहिलंच. गाडी गोठ्यात गेली, तिथून भंगाराच्या भावात वस्तादांकडे आली. त्यांनी कुशनवाल्याकडून ताडपत्रीचा घडीचा टप शिवून घेतला आणि झाली कन्व्हर्टिबल!

आता ब्रिटनमध्ये १९६०पासून हेराल्डची कंपनीनं बनवलेली कन्व्हर्टिबल होतीच. पण तिला काचेच्या चौकटीवरची पट्टी वेगळी, मागचा पत्रा वेगळा. आपली बिचारी नुसती बोडकी केलेली. आणि इथेच खरी मेख आहे, जुन्या गाडीच्या नादात असाल तर नीट वाचा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या वर्णनापासून फारकत घेणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केरळमधल्या एका प्रकरणात हेच बजावलं. खासगी गाडीचं आरसी पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी रिन्यू होतं, आणि त्यासाठी गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. ऑगस्टमध्ये 'सलून' असं लिहिलेलं पुस्तक आणि ही उघडी गाडी साहेबांसमोर उभी करायची. पुढचं तुम्हीच इमॅजिन करा.

दुसरा रस्ता व्हिंटेजचा. जुलै २०२१मध्ये केंद्रानं यासाठी वेगळे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठी उलथापालथ न केलेली गाडी असेल तर नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत, पुढे रिन्यूअलला ५ हजार. नव्यानं नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, आधीच नोंदलेलीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र ती रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. ते चाललं असतं. कल्याणीनगरच्या ट्रॅफिकमध्ये हिला नेणार तरी कोण? पण तिथेही 'मूळ रूपात' हे दोन शब्द आडवे पडले. मूळ रूप म्हणजे छप्पर.

दोन्ही रस्त्यांवर तो एकच पत्रा हवा. तो असेल तर ही साठ वर्षांची हेराल्ड, नसेल तर साडेचार लाखांचा फोटो स्टुडिओ.

"छप्पर कुठाय?" मी विचारलं.

"सांगलीतच आसंल की. डॉक्टरांच्या वाटेकऱ्याकडं."

मामांनी त्याच टेबलावर कागद मागितला. इसार अकरा हजार. गाडीचा चासी नंबर, इंजिन नंबर, ठरलेली किंमत चार लाख दहा हजार, आणि एक ओळ : 'छप्पर मिळाल्यास ते खरेदीदाराचे, गाडीच्या किमतीत फरक नाही. न मिळाल्यास इसार परत.' वस्ताद म्हणाले, "एवडं कशाला?" मामा म्हणाले, "असू द्या." दोघांच्या सह्या झाल्या. मला त्या वेळी मामांचा हा चिकटपणा थोडा लाजिरवाणा वाटला होता, हे कबूल करतो.

मोटारीवरची मोटार

रविवारी माझ्याच गाडीतून आम्ही सांगलीकडे. उंब्रज, कराड, पेठनाका, मग ईश्वरपूर (तुम्ही-आम्ही जन्मभर इस्लामपूर म्हटलेलं), आष्टा. हंगाम ऐन भरात, त्यामुळे उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगत जाणं आलंच. दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, आणि मागे लाल फडकं.

"हाच ऊस तुझी गाडी खाणार आहे," मामा म्हणाले.

मला वाटलं विनोद आहे. नव्हता. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, २०२५मध्ये देशानं ते टार्गेट गाठलं. आणि उसाची मळी, रस हे त्या इथेनॉलचं एक मोठं उगमस्थान. नवीन गाड्या त्यासाठी बनतात. १९६४च्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची वॉशरं यांना ते मानवत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं, गळतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकी आतून गंजते. उपाय आहेत, इथेनॉल झेपणारे पाइप मिळतात, टाकी रिकामी ठेवावी. पण ज्या कारखान्यानं मामांना पेन्शनीला लावलं, त्याच धंद्यातला माल त्यांच्या भाच्याच्या कार्बोरेटरला खाणार, हे त्यांना फार गमतीचं वाटत होतं. डिग्रज येईपर्यंत हसत होते.

वाटेकरी आण्णा नदीकाठच्या मळ्यात भेटले. हेराल्डचं नाव काढताच म्हणाले, "डॉक्टरांची गाडी व्हय! त्यात बसून माझ्या आईला दवाखान्यात न्हेलीय." मग छपराचं विचारलं. आण्णांनी बांधाकडे बोट केलं.

विहिरीवर विजेची मोटर होती. चार लाकडी डांबांवर, त्या मोटरीच्या आणि स्टार्टरच्या पेटीच्या डोक्यावर, उन्हापावसापासून आडोसा म्हणून, मोरपंखी रंगाचे दोन-चार पोपडे अजून अंगावर असलेलं आमचं छप्पर. मोटारीचं छप्पर मोटरीवरच! मागच्या काचेचं भोक युरियाच्या पोत्यानं शिवून बंद केलेलं. एका बाजूला चिमण्यांनी काड्या आणलेल्या.

"२०१९च्या पुरात काय झालं याचं?" मामांनी विचारलं. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. हा सगळा मळा पाण्याखाली.

"ग्येलं हुतं की. पाणी वसरल्यावर पल्याडच्या बाभळीत अडकल्यालं घावलं. पुन्यांदा आणून बसवलं. लई चांगला पत्रा हाय ओ, आताचा न्हाई असा येत."

मामांनी खालून, वरून, कडांनी हात फिरवला. पन्हाळीत गंज, एका कोपऱ्याला पोचा. चुंबक सगळीकडे घट्ट. कुणी लांबी भरायला नव्हतंच ना! पस्तीस वर्षं उन्हात, पावसात, पुरात राहूनही गॅरेजात राखलेल्या दारांपेक्षा हा पत्रा जास्त अस्सल निघाला.

मी पाकीट काढलं. आण्णा म्हणाले, "पैसं नगंत. माझ्या मोटरीचं काय ते सांगा."

मग सांगलीत गेलो. रविवार, निम्मी दुकानं बंद. एका ओळखीच्या दुकानाचं शटर मामांनी अर्धं उघडायला लावलं. दोन नवीन पत्रे, हूक, वॉशर, आणि आण्णांच्या नातवासाठी भडंगाचं मोठं पाकीट. मळ्यात परत येऊन मामांनी स्वतः डांबांवर चढून पत्रे ठोकले, वय वर्षं सदुसष्ट. मी खालून हूक देत होतो. महिन्याला तीन-तीन डेडलाइन पाळणारा मी, आणि पहिले दोन हूक उलटे दिले.

छप्पर माझ्या हॅचबॅकच्या कॅरिअरवर पालथं घालून सुतळीनं बांधलं. छपराच्या डोक्यावर छप्पर. तासवड्याच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाजला, तरी तिथल्या पोरानं थांबवलंच. "काय ओ, कुणाचं उडालं?"

अंधार पडताना गॅरेजला पोचलो. वस्तादांनी छप्पर बघितलं, बोटांनी वाजवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळीच झळाळी आली. "आता काय, गाडी पूर्ण झाली. छपरासकट आशी कुटं हाय? सहाच्या खाली जात न्हाई सायेब आता."

मामांनी काही न बोलता इसारपावती उलगडून बॉनेटवर ठेवली. वर पक्कड ठेवली, उडू नये म्हणून.

वस्तादांनी ती वाचली. आपलीच सही बघितली. मग मोठ्यांदा हसले, पोराला हाक मारली आणि छपराचं एक टोक स्वतः धरलं. चौघांनी उचलून ते गाडीवर टेकवलं. टॉर्च मारून एकेक भोक बघितलं. एक सोडून सगळी जुळली. पोचा पडलेल्या कोपऱ्यातलं तेवढं अर्ध्या सुतानं चुकत होतं.

"बसंल," वस्ताद म्हणाले. "पोचा काडला की बसंल. बोल्ट मातर जुनंच वापरू, डबीत ठेवल्यात."

मागची काच शोधायची आहे. रंग जुळवायचा आहे. फॉर्म २९ आणि ३० भरून ठेवलेत, ऑगस्टच्या आत साताऱ्याच्या आरटीओत नंबर लावायचा आहे. ताडपत्रीचा टप वस्तादांनी घडी घालून डिकीत टाकलाय. कागदोपत्री तो गाडीचा नाही, पण यवतेश्वरच्या घाटात पुन्हा एकदा बोल्ट सोडायचा मोह होणारच, हे त्यांना ठाऊक आहे. मामांनी त्या डबीला आत्ताच कुलूप लावलंय.